मुंडकी थोरल्याची, शेपट्या धाकट्याच्या

आकाराम हवालदार आणि तात्या यांची पहिली भेट जमिनीवर झाली नाही, हवेत झाली. अर्थात हवेत एकटे तात्याच होते. आकाराम खाली पाय रोवून, कपाळावर हात आडवा धरून, आपण फेकलेला माणूस कुठं पडतोय ते पाहत होता. तात्यांच्या सांगण्याप्रमाणे ते इतके वर गेले की एकीकडं जरंडेश्वराचा डोंगर त्यांना माथ्यावरून दिसला, दुसरीकडं रहिमतपूरच्या स्टेशनात शिरणारी गाडी दिसली, आणि वाटेत एका घारीनं बाजूला सरून त्यांना जागा करून दिली. पुढंपुढं तर गाडीतल्या एका ओळखीच्या माणसाला त्यांनी वरून हातही केला होता. उतरले ते शेणखताच्या खड्ड्यात. खत चांगलं मुरलेलं होतं, म्हणून तात्या वाचले.

तात्या म्हणजे गोपाळकृष्ण भडकमकर. मूळचे वाईचे, साताऱ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवणारे. झुरळ मारायचं झालं तरी बायकोला हाक मारणारा माणूस. चौऱ्याहत्तर सालच्या त्या रविवारी ते आकारामच्या विहिरीवर लोंबणाऱ्या सुगरणीच्या खोप्यांची चित्रं काढायला आले होते. बगलेत कागदाची गुंडाळी होती. बांधावर उभं राहून त्यांनी हात लांब केला, पेन्सिल उभी धरली, एक डोळा मिटला आणि खोप्याचं प्रमाण पाहू लागले. चित्रकार लोक असं करतातच. पण कोरेगाव तालुक्यात दुसऱ्याच्या बांधावर एक डोळा मिटून माप घेणाऱ्याचं काय करतात, ते तात्यांना पेन्सिल खाली यायच्या आत कळलं.

"कुनी धाडलं रं तुला?" आकारामनं खड्ड्याच्या काठावरून विचारलं. त्याच्या हातात आता काठी होती. "माज्या धाकट्यानं, गुंड्यानं? मोजणीवाला हाईस न्हवं? काढ त्यो नकाशा!"

"अहो, मी ड्रॉइंग मास्तर आहे!" तात्या तोंडातलं खत थुंकत म्हणाले. "पाखरांची चित्रं काढायला आलो होतो."

काठी वरच्या वर थांबली.

"पाखरांची? मग आदी का बोलला न्हाईस?"

"हवेत होतो," तात्या म्हणाले.

या उत्तरावर आकाराम असा हसला की विहिरीवरच्या सगळ्या सुगरणी उडाल्या. त्यानं तात्यांना खड्ड्यातून उपसलं, खांद्यावर टाकलं आणि घरी नेलं. त्याची बायको शालूबाई दारातच उभी होती. नवऱ्याच्या खांद्यावरचं ओझं बघून ती हळद कालवायला आत गेली.

"आज कोन?" तिनं आतूनच विचारलं.

"ड्रॉइंग मास्तर हाय."

"परवा त्यो देवीची लस टोचनारा, आज ह्यो. सरकारची मानसं संपवा येकदा आन् बसा."

आकाराम फौजेतून हवालदार होऊन परत आला होता. पासष्टच्या लढाईतला तोफगोळ्याचा एक तुकडा अजून त्याच्या मांडीत होता, आणि लढाई संपल्याचं त्याला कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. गावात त्यानं न मारलेला माणूस दाखवा म्हटलं तर लोक म्हातारी माणसं दाखवत, आणि ती म्हातारी सांगत, "आमास्नी ढकललंय." पण मारल्यावर हळद लावून गरम दूध पाजल्याशिवाय त्यानं कुणाला घरी पाठवलं नाही, हेही खरं. गावातले काहीजण दुधासाठी मार खायचे अशी एक वदंता होती.

दुधाचा पेला तोंडाला लावला आणि तात्यांची नजर भिंतीवर गेली. देवांच्या तसबिरी, वडलांचा फोटो, आणि त्यांच्या खालच्या ओळीत पाखरांची मुंडकी.

जुने विलायती छाप होते ते. काळ्या रेघेची छपाई आणि तिच्यात माणसाच्या हातानं भरलेले रंग. छोट्या खंड्याच्या माथ्याचा निळा रंग पाऊणशे वर्षांनीही ओला वाटत होता. घुबडाच्या डोळ्यावर डिंकाचा एक बारीक थेंब दिला होता, त्यामुळं ते तात्यांकडं आकारामसारखंच बघत होतं. हळद्या, भारद्वाज, सुतार, मोर, सगळे काचेमागं बसले होते. फक्त प्रत्येक पाखरू छातीपाशी संपत होतं. त्यापुढं सरळ काप होता, आणि कापापुढं चौकट.

"हे... हे अर्धे का?" तात्यांनी पेला खाली ठेवला.

"मी थोरला," आकाराम म्हणाला. जसं काही यात सगळं आलं.

त्याचं असं झालं होतं. आकारामचा आजा महाबळेश्वरात एका गोऱ्या साहेबाचा शिकारी होता. साहेबाचा पाखरांवर फार जीव, म्हणून तो ती मारवून घेई. पिसं खराब होऊ नयेत म्हणून आजा बारीक छर्रे वापरायचा. पाखरू अर्धवट जिवंत हाती लागलं तर छातीवर अंगठा दाबून धरायचा. मग साहेब त्याच्या अंगातून तारा घालायचा, पंख खिळ्यांनी फळीला ठोकायचा, मान हवी तशी वळवायचा आणि वास सुटायच्या आत चित्र पुरं करायचा. चित्रातली पाखरं जिवंत दिसत, ती अशी. विलायतेत त्यांचे छाप निघाले, हातानं रंग भरले गेले, आणि जाताना साहेबानं त्यांचा एक बांधीव जाडजूड संच आज्याला बक्षीस दिला. म्हातारा नातवंडांना मांडीवर घेऊन एकेक पान उलटी आणि सांगे, "ह्याला म्या मारला. ह्याला बी म्याच. ह्यो लवकर मरंना." आकाराम आणि त्याचा धाकटा भाऊ गुंडा यांना पाखरांची ओळख झाली ती या पद्धतीनं.

बाप गेल्यावर वाटणी झाली. जमिनीत एक कुऱ्हाड चालली, विहिरीच्या पाळ्या ठरताना एक दात पडला. बैल, भांडी, कडबा, सगळं रीतीप्रमाणं रक्त सांडून पार पडलं. राहिली पाखरं. दोघांनाही मोर हवा होता. गुंडानं खुरप्यानं आकारामच्या कानाची पाळी उतरवली. आकारामनं गुंडाची दोन बोटं अशी मोडली की ती पुढं कायम साताऱ्याची दिशा दाखवत राहिली. शेवटी पंचांतला म्हातारा बाळासो म्हणाला, "जत्रंच्या बकऱ्याचं काय करतो आपन? मुंडीचा मान थोरल्याचा, मागचा भाग धाकट्याचा. हितं बी त्येच."

हे सगळ्यांना पटलं. त्या गावात ते कुणालाही पटलं असतं. ऊसतोडीचा कोयता आला, लाकडाचा ओंडका आला, शालूबाईनं पानं धरली आणि आकारामनं एकेका घावात एकेक पाखरू वाटून टाकलं.

रीत जिंकली, पण मोरात आकाराम नागवला. त्याच्या हाती तुरा आला आणि सगळा पिसारा गुंडाकडं गेला. घुबडात मात्र गुंड्या फसला, असं तो दर संध्याकाळी स्वतःला बजावत असे.

तात्यांचा जीव अडकला तो एका लहानशा पाखरात. खाटीक. चिमणीहून थोडा मोठा, डोळ्यांवर काळी पट्टी, आकड्यासारखी चोच. हा पक्षी सरडा, टोळ, जे सापडेल ते मारून बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो, खाटकानं दुकानात टांगावं तसं. भिंतीवरच्या अर्ध्यात खाटकाचं डोकं होतं, छाती होती, आणि कापाच्या कडेला एका काट्याचं टोक तेवढं दिसत होतं.

"काट्याला काय टोचलंय?" तात्यांनी विचारलं.

"त्ये गुंड्याकडं."

तात्यांची रात्रीची झोप गेली. हा संच सबंध जोडलेला पाहिल्याशिवाय मरायचं नाही असं त्यांनी बायकोला, उमाकाकूंना सांगितलं. उमाकाकू म्हणाल्या, "आधी पाठीला शेक द्या, मग मरायचं बघू."

पुढच्या खेपेला त्यांनी आकारामकडं शब्द टाकला. आकाराम म्हणाला, "जोडा की. गुंड्यानं हितं यावं, माज्या उंबऱ्यावर डोकं टेकावं, आन् शेपट्या ठेवून जावं."

गुंडा आता तासगावकडं राहत होता. सासुरवाडीची द्राक्षबाग तो बघायचा, म्हणजे बागेवर येणाऱ्या पाखरांशी दिवसभर लढायचा. एस.टी. बदलत बदलत तात्या तिथं पोचले, तेव्हा तो मचाणावर उभा राहून गोफण गरगरवत होता आणि साळुंक्यांच्या आयाबहिणींचा उद्धार करत होता. तात्या आता शहाणे झाले होते. त्यांनी रस्त्यावरूनच दोन्ही हात वर करून ओरडून सांगितलं, "मी मोजणीवाला नाही!"

न विचारता असं सांगणारा माणूस मोजणीवालाच असणार, हे गुंडाला उघड होतं. पहिला दगड तात्यांच्या छत्रीतून आरपार गेला.

"मंग कोन हाईस?"

"आकारामांनी पाठवलंय!"

दुसरा दगड गुडघ्यावर बसला. तात्या खाली बसले तेव्हा गुंडाची बायको धोंडुबाई मागून आली आणि तिनं बागेच्या तारा ताणायचा बांबू त्यांच्या पाठीत असा घातला की उमाकाकूंचा शेक सगळा वाया गेला. त्यानंतर रीतीप्रमाणं हळद झाली. आकारामकडं दूध मिळालं होतं, इथं वाटीभर बेदाणे मिळाले. खानदान एकच होतं.

शेपट्या बेदाण्याच्या शेडमध्ये टांगल्या होत्या. वाळणाऱ्या द्राक्षांच्या गोड वासात मोराचा पिसारा एकटाच डौलात उभा होता. घुबडाचं ढुंगण मात्र गुंडानं भिंतीकडं तोंड करून लावलं होतं. खाटकाच्या अर्ध्यात शेपूट होती, आणि काट्यावरून लोंबणारे एका सरड्याचे मागचे दोन पाय.

"सरडा!" तात्या ओरडले. पाठीचं, गुडघ्याचं सगळं विसरले. "गुंडाजी, हे जोडायलाच हवं हो!"

"जोडा की," गुंडा म्हणाला. "आकारामनं हितं यावं, माज्या उंबऱ्यावर डोकं टेकावं, आन् मुंडकी ठेवून जावं."

दोघं एका जागी येत ते वर्षातून एकदाच, रहिमतपूरजवळ त्यांच्या कुळदेवाच्या चैत्रातल्या जत्रेला. बकरं दोघांनी मिळून धरायचं असे. थोरल्यानं पुढून, धाकट्यानं मागून. आणि बकरं पडेपर्यंत कुणी कुणावर हात उचलायचा नाही, असा देवाचा दंडक होता. पडल्यावर मुभा होती. दरसाल बकरं आणि भावकी जवळजवळ एकदमच पडत.

तात्यांनी हिशेब केला. बकरं पडायच्या आत पाखरं जोडून झाली पाहिजेत. दोन्ही उंबऱ्यांपासून दूर, देवाच्या दारात, कुणाचंच डोकं कुठं टेकायला नको. महिनोन्‌महिने दोन्हीकडचे फटके खात त्यांनी हे दोघांच्या गळी उतरवलं.

सत्त्याहत्तरच्या चैत्रात देवळापुढच्या चिंचेखाली तात्यांनी पुठ्ठे मांडले आणि डब्यात खळ कालवली. आकाराम मुंडकी घेऊन उकिडवा बसला, समोर गुंडा शेपट्या घेऊन. बाजूला चुलतभाऊ नानासो सुरा घेऊन उभा, आणि बकरं सगळ्यांकडं बघत चिंचेचा पाला खात होतं. भावकी गोल करून बसली होती. तात्यांनी मोर घेतला. तुरा डावीकडं ठेवला, पिसारा उजवीकडं ठेवला, आणि दोन्ही अर्धे सरकवत एकमेकांना भिडवले.

मोराला मानच नव्हती.

त्यांनी खंड्या जोडला. त्याचं पोट गायब. सुतार जोडला, तो बसका झाला. खाटकाच्या काट्यावर सरड्याचे मागचे पाय होते, पण डोकं कुठंच नव्हतं. प्रत्येक पाखराच्या मधला दोन बोटं रुंदीचा पट्टा नाहीसा झाला होता.

खरी गोष्ट साधी होती. तयार चौकटीत बसावं म्हणून रहिमतपूरच्या फ्रेमवाल्यानं एक बोट छाटलं होतं आणि तासगावच्या फ्रेमवाल्यानं एक. तात्यांच्या ते ध्यानात आलं, आणि ते सांगायला त्यांनी तोंडही उघडलं. पण दोन बोटं रुंद पट्टा मधून गेला की या मुलखात त्याला एकच नाव असतं.

"बांध कोरला!" आकाराम म्हणाला. "आज्याच्या पाखरातबी बांध कोरलास व्हय रं, भाड्या!"

"म्या? तूच नांगर घातला असशील! तुज्या मोराची मान कुटं गेली, इचार की तुज्या कोयत्याला!"

दोघांच्या मुठी वळल्या. पण बकरं उभं होतं. आकारामच्या मानेवरच्या शिरा तटतटल्या आणि शेवटी तो ओरडला, "नानासो! बकरं पाड रं आदी! दम निघंना!"

नानासोनं सुरा चालवला. बकऱ्याचं धड जमिनीला लागायच्या आत गुंडाचं डोकं आकारामच्या तोंडावर आदळलं होतं. आकारामनं तोंडातले दात हातावर घेऊन पाहिले, खिशात टाकले, आणि बकऱ्याच्या रक्तावर घसरणाऱ्या भावाला उचलून देवळाच्या पायरीवर आपटलं. बरगडी मोडल्याचा आवाज ढोलाच्या दणदणाटातही ऐकू आला. धोंडुबाईनं शालूबाईचा अंबाडा धरला, शालूबाईनं धोंडुबाईच्या दंडाचा लचका तोडला. भावकीनं निम्मं निम्मं होऊन आपापली बाजू घेतली. काठ्या आल्या, दगड आले. एका वाजंत्र्याचं डोकं फुटलं, त्याचा तर कुठल्याच बांधाशी संबंध नव्हता.

तात्या पाखरांवर पालथे पडले होते. त्यांच्या पाठीवरून माणसं जात होती, येत होती. एवढ्यात कुणाच्या तरी फुटलेल्या नाकातलं रक्त टपकलं ते नेमकं खंड्याच्या निळ्या माथ्यावर. तात्यांनी ते पाहिलं. ते उठले. त्यांनी ड्रॉइंगचा फळा दोन्ही हातांनी उचलला आणि ज्याचं नाक होतं त्याला हाणला. मग गुंडाला हाणला, नानासोला हाणला, आधीच फुटलेल्या वाजंत्र्याला पुन्हा हाणला. फळा मोडल्यावर ते आकारामच्या पोटरीला चावले. वाईच्या भडकमकरांच्या घराण्यात कुणी काही चावलं असेल तर ते लाडू होते.

चौकीत फौजदारानं विचारलं, "भांडण कशावरनं?"

"बांधावरनं, साहेब," आकाराम बोळक्या तोंडानं म्हणाला.

"गट नंबर?"

"मोर."

फौजदारानं लेखणी खाली ठेवली आणि सगळ्यांना आत घातलं.

आत एकमेकांना मारायला जागा पुरत नव्हती, म्हणून भाऊ बोलले. सुटताना दोघांनी मुंडकी आणि शेपट्या तात्यांच्या हवाली केल्या. "मास्तर, तुमी आमच्यासाठी चावला," आकाराम म्हणाला. "ह्यो बांध तुमीच भरा."

उन्हाळ्याची सगळी सुट्टी तात्यांनी त्या पट्ट्यांत घातली. मोराला मान दिली, खंड्याला पोट दिलं. सरड्याचं डोकं काही केल्या जमेना. तेव्हा झुरळाला भिणारे तात्या परसात गेले, कुंपणावरचा सरडा त्यांनी चपलेनं मारला, खिळ्यानं फळीला ठोकला, त्याचा जबडा काडीनं उघडा धरला आणि समोर बसून रंगवला. उमाकाकूंनी ते पाहिलं आणि आठ दिवस जेवणाचं ताट लांबून सरकवलं.

मृगाआधी आकारामच्या अंगणात पंच बसले. तात्यांनी एकेक पुठ्ठा मांडला. पाखरं सबंध होती. मान कुठं संपते आणि पट्टा कुठं सुरू होतो ते दिसत नव्हतं. खाटीक काट्यावरच्या सरड्याकडं बघत होता आणि सरडा तोंड वासून आभाळाकडं. गुंडानं नाक ओढलं. आकारामनं आपलं जाडजूड बोट मोराच्या मानेवरून हळूच फिरवलं.

"लय झ्याक, मास्तर. कळंना कुटं जोडलंय त्ये. ह्यो मधला भाग कुनाचा म्हनायचा मग?"

आणि तात्या, आयुष्यात पहिल्यांदा छाती फुगवून, पंचांसमोर, सगळ्या भावकीदेखत म्हणाले, "माझा! रेघन्‌रेघ माझी!"

बाळासोनं तंबाखू थुंकली.

"मास्तर सोताच बोलला," तो म्हणाला. "मंग वाटनी तिगांत."

"अहो, तसं नव्हे! तसं नव्हतं म्हणायचं मला!" तात्या ओरडले. पण पंचांसमोर हिस्सा सांगून माघार घेता येत नाही. कोयता आला. तात्यांनी ओंडक्यावर झेप घेतली, तिथं आडवा आलेला पाट उचलला आणि आकारामच्या कानशिलात जिवाच्या करारानं हाणला. पासष्टच्या लढाईत न पडलेला आकाराम हवालदार शालूबाईच्या अंगणातल्या चुलीपाशी उताणा पडला.

पडल्या पडल्या तो हसू लागला. तोंडातून रक्त येत होतं आणि तो पोट धरून हसत होता.

"गुंड्या, बघितलंस का रं! मास्तर भावकीत आला! शाले, हळद आन... न्हाई, मला नगं, त्येला बी दोन रट्टे पायजेत की आता!"

ते दोन रट्टे त्यानं उठून दिले, प्रेमानं, आणि मग दूध पाजलं. दरम्यान गुंडानं खाली मान घालून वाटणी पुरी केली. मुंडकी थोरल्याकडं गेली, शेपट्या धाकट्याकडं, आणि पोटाचे पट्टे तात्यांकडं. तेवढे त्यांचे स्वतःचेच होते.

आकाराम एकोणऐंशीच्या पावसाळ्यात न्यूमोनियानं गेला. काचा आणि चौकटी चांगल्या होत्या, म्हणून शालूबाईनं मुंडकी काढून त्यांत नातवंडांचे फोटो बसवले.